समोरच्या घरचा चहा

उल्काबाई गोवंडे यांना चहाबद्दल मत विचारलं की ते मिळायचं, आणि मग आपण उगाच विचारलं असं विचारणाऱ्याला व्हायचं. पुतणीच्या साखरपुड्यात मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, "चहा कसा झालाय?" उल्काबाई म्हणाल्या, "छान. फक्त त्यात चहा घालायचा राहिला." ते लग्न झालं, सुखाचंही झालं, पण त्या विहीणबाई आजही उल्काबाईंना पन्हं देतात.

हा त्यांचा माहेरचा वारसा. शनिवार पेठेत त्यांच्या वडिलांचं सुट्या चहाचं दुकान होतं. प्रत्येक घराचं मिश्रण वेगळं. कुणाला अर्धं आसाम आणि अर्धी डस्ट, कुणाला वर चिमूटभर दार्जिलिंग, नुसतं वासापुरतं. नवीन माल आला की वडील दुकानामागच्या खोलीत पांढऱ्या वाट्या मांडायचे आणि मुलांना चाखायला बसवायचे. त्यांचा एकच दंडक होता. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं, पण चाखायला बसलं की कुणाची भीड ठेवायची नाही. वाईट चहाला चांगलं म्हणणारा माणूस त्यांना दुकानात नको असे. भावंडांमध्ये जीभ एकट्या उल्काबाईंनाच लाभली. दुकान अर्थातच भावाला मिळालं.

आता ते दुकान भाचा पुष्कर चालवतो. पुष्करनं कोरे चहा, मसाला चहा अशी नवी मिश्रणं काढली, रंगीत डबे छापले आणि एका रविवारी सकाळी दुकानाशेजारच्या हॉलमध्ये 'चाखा आणि गुण द्या' असा कार्यक्रम ठेवला. लोकांनी चाखायचं, दहापैकी गुण द्यायचे, आणि मुख्य परीक्षक म्हणून समोर बसायचं ते आत्यानं.

"फक्त जरा सांभाळून बोल, आत्या," तो फोनवर म्हणाला.

"सांभाळून बोलणारी हवी असेल तर दुसरी आत्या बघ," उल्काबाई म्हणाल्या आणि लगेच हो म्हणाल्या. लगेच हो म्हणण्याचं एक कारण असंही होतं की कार्यक्रम शनिवार पेठेत होता आणि त्या राहायच्या कात्रजला. कात्रजच्या त्यांच्या मजल्यावर, समोरच्या दारातल्या घरात, उल्काबाई चहा घेत नाहीत अशी पक्की समजूत होती. ती त्यांनीच करून दिली होती.

नवऱ्याच्या निवृत्तीनंतर, जिने चढवेनात म्हणून, दोघं लिफ्टच्या इमारतीत राहायला आली त्या दिवसाची गोष्ट. सामान अजून टेम्पोतून उतरत होतं, दिगंबरराव खाली हमालांना सूचना देत होते, आणि उल्काबाईंचा घसा सकाळपासून कोरडा पडला होता. समोरचं दार उघडलं. दीपाली रणपिसे ट्रे घेऊन आली. वाफाळता चहा, बशीत बिस्किटं. तिच्यामागे उघड्या दारातून हॉलची भिंत दिसत होती, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि दोन्हींना ताजे हार.

"अय्या, कशाला त्रास घेतलास!" उल्काबाई म्हणाल्या. "पण मी चहा घेतच नाही गं. ॲसिडिटी."

तो चहा हमाल प्यायले.

तोंडातून निघून गेलं, असं त्या पुढे स्वतःला सांगत राहिल्या. तसं काही निघून गेलं नव्हतं. त्यांची आई अशीच म्हणायची. कुणाकडे 'आत्ताच घेऊन निघाले', कुणाकडे 'आज उपवास'. आणि कुणाकडे तसं म्हणायचं आणि कुणाकडे नाही, हे उल्काबाईंना परकरी वयापासून नीट ठाऊक होतं. ते कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या शिकल्या होत्या.

आणि एकदा ॲसिडिटी सांगितली की ती सांभाळावी लागते.

अडचण अशी झाली की समोरच्या घरात सुंदराबाई होत्या. दीपालीच्या सासूबाई, तिचा नवरा चेतन याची आई. सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, अंगानं थोराड, मोठ्यानं हसणाऱ्या आणि चहाच्या वेड्या. त्यांच्याशी उल्काबाईंचं असं जमलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. संध्याकाळच्या फेऱ्या बरोबर, भाजी बरोबर, मालिकेतल्या सुनांना शिव्या बरोबर. पेठेतल्या मैत्रिणी फोनवर उरल्या होत्या आणि त्या फोनवर गुडघ्यांपलीकडे काही बोलत नसत. या वयात नवी मैत्रीण मिळते यावर उल्काबाईंचा विश्वास नव्हता, आणि ती मिळाली होती.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पगारी बाई दोन दिवसांत पळाली. सुंदराबाई रोज सकाळी यायच्या, व्यायाम करून घ्यायच्या, ओरडायच्या, बाथरूमपर्यंत धरून न्यायच्या, केससुद्धा धुऊन द्यायच्या. उल्काबाईंनी ते सगळं करून घेतलं. त्या हातांचं त्यांना काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

आणि त्या सुंदराबाईंना चहा करून द्यायच्या, आवडीनं, चांगल्या कपबशीतून. आमच्याकडे असलं तसलं काही नाही, असं माहेरी अभिमानानं सांगायच्याही. सुंदराबाई फुरक्या मारत प्यायच्या, आणि समोर उल्काबाई रिकाम्या हातानं बसायच्या. त्यांचा चहा बेल वाजायच्या आधीच पिऊन, कप विसळून झालेला असायचा. कधी सुंदराबाई म्हणायच्या, "आत्ताच केलेला दिसतोय चहा, वास दरवळतोय." की या म्हणायच्या, "ह्यांचा."

समोरच्या घरी मात्र सुंदराबाईंनी त्यांच्यासाठी फ्रिजमध्ये पॅकबंद ज्यूस आणून ठेवायला सुरुवात केली. घरी आलेल्या माणसाला काही न देणं त्यांना सोसवत नसे. उल्काबाई नळी स्वतः टोचायच्या आणि तो गोड ढोण रस शेवटपर्यंत प्यायच्या. सोबत केळं. फार आग्रह झाला तर पुड्यातलं बिस्किट. "ताईंचं पोट फार नाजूक हाय," असं सुंदराबाई सगळ्यांना काळजीनं सांगायच्या, आणि धने भिजवून त्याचं पाणी घ्या, जेवल्यावर लगेच आडव्या होऊ नका, असे उपाय सुचवायच्या. ते ऐकताना उल्काबाईंना लाज वाटायची. खरंच वाटायची. आज सांगून टाकू, आज एक कप मागून घेऊ, असं कितीदा मनात आलं. पण मागितला की इतके दिवस का नाही, हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर सुंदराबाईंना कुणी समजावून सांगायची गरज पडली नसती. ते उत्तर त्यांना कळलं की ही मैत्री संपली, एवढं उल्काबाईंना स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्या ज्यूस पीत राहिल्या.

रविवारी पुष्कर सकाळीच गाडी घेऊन आला आणि आत्याला घेऊन गेला. दिगंबरराव मागून रिक्षानं येणार होते.

हॉल भरला होता. पेठेतले निवृत्त लोक वेळेआधी येऊन पुढच्या खुर्च्या धरून बसले होते आणि चहा फुकट आहे ना, याची दोनदोनदा खात्री करून घेत होते. समोर लांब टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग. कपात पत्ती, वर उकळतं पाणी, झाकण. पाच मिनिटांनी तो कोरा चहा पांढऱ्या वाटीत गाळायचा. उल्काबाई चमचाभर उचलून जोरात ओढायच्या, जेवताना असा आवाज केला असता तर आईनं पाठीत धपाटा घातला असता, मग तोंडात घोळवायच्या आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकायच्या. ही चाखायची रीत. सगळा चहा गिळत बसलं तर जीभ बधिर होते.

"आसाम. रंग चढलाय, चव चढलेली नाही. सहा."

लोक हसले.

"दार्जिलिंग. सुंदर वास. हा हुंगून परत डब्यात ठेवावा. सात."

"निलगिरी. याच्याबद्दल काही वाईट बोलता येत नाही आणि चांगलंही. पाच."

मग दुधाचे चहा आले. दुधाचा चहा थुंकायचा हे उल्काबाईंच्या जिवावर यायचं. ते त्या सरळ पीत होत्या. वेलचीच्या चहाला "ही खीर आहे, चार" झालं. पुष्करनं सुंठ आणि गवती चहा घालून केलेलं त्याचं लाडकं मिश्रण पुढे आलं तेव्हा तो आशेनं बघत उभा राहिला. उल्काबाईंनी दोन घोट घेतले. "सुंठ जुनी आहे. पुष्कर, वाण्याला परत कर. चार." पुष्करचा चेहरा पडला, हॉलमध्ये टाळ्या पडल्या. उल्काबाई खुलल्या होत्या. कितीतरी दिवसांत त्यांना इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

पुढचा कप तोंडाला लावला आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. दिगंबरराव आत येत होते. त्यांच्याबरोबर सुंदराबाई होत्या.

त्यात दिगंबररावांची काही चूक नव्हती. लिफ्टपाशी सुंदराबाई भेटल्या, त्यांना चहाची आवड, रिक्षात जागा होती, भाच्याच्या दुकानाचा चहाचा कार्यक्रम आहे एवढंच त्यांनी सांगितलं, बायकोचं कौतुक मैत्रिणीनं तिथेच पाहावं असं त्यांना वाटलं. समोरच्या घरात आपली बायको काय सांगते हे त्यांना माहीतच नव्हतं. बायकांच्या बोलण्यात ते लक्ष घालत नसत, आणि याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

सुंदराबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. पुढच्या रांगेत बसून त्यांनी उल्काबाईंना हात केला. मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं, रिकाम्या कपांच्या रांगेकडे गेलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कप खाली ठेवावा की पूर्ण करावा हेही उल्काबाईंना सुचेना.

सुंदराबाई उठल्या आणि सरळ टेबलाशी आल्या. आयुष्यभर वॉर्डात वावरलेली बाई, चार लोकांत बोलायला त्या कशाला लाजतात.

"ताई, अहो काय करताय हे? एवढा चहा? रात्री तळमळत बसाल. चहाचा त्रास होतो ना तुम्हाला?"

त्या हळूच बोलल्या होत्या, पण टेबलावर माईक चालू होता.

"मी गिळत नाही, सुंदराबाई," उल्काबाई घाईनं म्हणाल्या. "चव घेते आणि थुंकते."

याच्यापुढे गप्प बसायचं एवढं शहाणपण पुष्करकडे असतं तर बरं झालं असतं. पण चार गुणांचा राग होता, हातात दुसरा माईक होता. "थुंकते? आत्या? मावशी, ही सकाळी आल्याआल्या तीन कप पिऊन मग खुर्चीत बसलीय. चहाचा त्रास हिला नाही, हिच्या हाताखाली चहा करणाऱ्यांना!"

सगळा हॉल हसला. "घरी तर मोजायचं सोडून दिलंय मी," दिगंबररावांनीही आपल्या जागेवरून भर घातली.

सुंदराबाईसुद्धा सगळ्यांबरोबर हसल्या. आणि हसताहसता मध्येच थांबल्या. त्यांनी उल्काबाईंच्या हातातल्या कपाकडे पाहिलं, मग उल्काबाईंकडे. त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्यांच्या लहानपणी गावात त्यांच्या आईच्या ओंजळीत लोकांनी वरून पाणी ओतलेलं त्यांनी पाहिलं होतं. उल्काबाईंना हे ठाऊक होतं, कारण फेऱ्या मारताना एकदा सुंदराबाईंनीच सांगितलं होतं, आणि उल्काबाईंनी "काय माणसं असतात एकेक" असं म्हटलं होतं.

"असं होय," सुंदराबाई म्हणाल्या. खांद्यावरचा पदर नीट केला आणि जागेवर जाऊन बसल्या.

त्यानंतरच्या सगळ्या चहांना उल्काबाईंनी सहा-सहा गुण दिले. कशाचीच चव लागत नव्हती. कान तापले होते आणि मान वर करायची हिंमत नव्हती. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांबरोबर सुंदराबाईंनीही टाळ्या वाजवल्या. ते उल्काबाईंना फार लागलं. त्या उठून निघून गेल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना तिघं एकाच रिक्षात. उल्काबाई मध्ये. शनिवार पेठेपासून स्वारगेट आणि स्वारगेटपासून कात्रज हा रस्ता इतका लांब आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. दिगंबरराव खुशीत होते.

"काय सिस्टर, कशी वाटली आमची परीक्षक?"

"छान," सुंदराबाई म्हणाल्या.

"तोंड फार फटकळ आहे, पण जीभ सोन्याची."

"हो. दिसलं."

प्रत्येक सिग्नलला उल्काबाई ठरवायच्या, आता बोलायचं. काय बोलायचं ते मात्र ठरत नव्हतं. सुंदराबाईंचा खांदा त्यांच्या खांद्याला लागत होता. रिक्षा वळली की दोघी एकमेकींवर कलायच्या आणि सुंदराबाई हलकेच सावरून बसायच्या. रोज याच बाईच्या खांद्यावर हात ठेवून उल्काबाई फुटपाथ चढायच्या.

लिफ्टमधून बाहेर पडताना सुंदराबाईंनी नेहमीप्रमाणे दार धरलं. "पाय सांभाळून," त्या म्हणाल्या. तीही सवयच. मग पर्समधून किल्ली काढली, दार उघडलं, आत गेल्या. "या ताई, बसा थोडं" हे रोजचं वाक्य आलं नाही.

घरात आल्यावर दिगंबररावांना काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. त्यांनी विचारलं आणि उल्काबाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं, हमालांनी प्यालेल्या चहापासून. सांगताना प्रत्येक वाक्य आणखी घाणेरडं वाटत होतं. दिगंबररावांनी चष्मा काढला.

"पण मी तर पितो त्यांच्याकडे."

"काय?"

"चहा. चेतनकडे मोबाइलचं काही विचारायला गेलो की होतोच. सिस्टर पोहेही देतात कधी."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"चहा प्यायलो हे काय घरी येऊन सांगायचं?"

आपल्या पिढीचं असंच, आपल्या पेठेत असंच, लहानपणापासूनचं वळण मोडत नाही, अशी सगळी वाक्यं उल्काबाईंनी रिक्षात जुळवून ठेवली होती. हा माणूस त्याच पेठेतला होता, त्याच वयाचा होता, आणि समोर जाऊन पोहे खाऊन येत होता.

"तुझ्या मनात नक्की काय यायचं गं?" दिगंबररावांनी विचारलं. रागानं नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं म्हणून. रागानं विचारलं असतं तर उल्काबाईंना भांडता आलं असतं.

सोमवारी सकाळी त्यांनी समोरची बेल वाजवली. दार दीपालीनं उघडलं. ती ऑफिसला निघाली होती, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. विक्रीकर खात्यात ती अधिकारी होती आणि तिच्यासमोर भलेभले व्यापारी खालच्या आवाजात बोलतात असं सुंदराबाई कौतुकानं सांगायच्या. आज उल्काबाईंचाही आवाज खाली गेला.

"दीपाली, मी..."

"मला माहिती होतं, काकू." ती दार ओढून घेऊन बाहेर आली. "पहिल्या दिवाळीपासून माहिती होतं. तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या बाल्कनीला लागून आहे. सकाळी तुम्ही दोघं काय पिता ते दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी? आईंशी? त्यांना तुम्ही आवडता." दीपालीनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "ज्यूस मीच आणून ठेवायचे. आई म्हणायच्या, ताईंचं पोट नाजूक आहे, संपलाय बघ त्यांचा ज्यूस. मी म्हणायचे हो, आणते. ऑफिसात असं कुणी वागलं ना, काकू, तर मी तिथल्या तिथे ऐकवते. आजवर कुणाचं ऐकून घेतलं नाही. तुमच्यापायी मात्र स्वतःच्या घरात खोटं बोलत राहिले."

उल्काबाईंना तिच्याकडे बघवेना. त्या तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघत राहिल्या.

"मला आत येऊ दे," त्या म्हणाल्या.

"या की. तुम्हाला आम्ही कधी अडवलं?" दीपालीनं दार ढकललं आणि ती लिफ्टकडे गेली.

सुंदराबाई स्वयंपाकघरात डाळ निवडत होत्या. त्यांचे डोळे सुजले होते. उल्काबाईंना माफी मागायची होती. उभ्याउभ्या, स्पष्ट शब्दांत. पण तोंडातून भलतंच आलं.

"सुंदराबाई, मला चहा द्या."

सुंदराबाईंनी मान वर केली. डाळीचं ताट बाजूला सरकवलं. "बसा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पातेलं चढवलं, पाणी, पत्ती, साखर, आलं, मग दूध घातलं आणि पाठ फिरवून खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली सोसायटीच्या फाटकातून दीपालीची स्कूटर बाहेर पडत होती, तिकडे त्या बघत होत्या, किंवा कुठेच बघत नव्हत्या. चहा उकळत राहिला. आटत राहिला. टेबलाशी बसलेल्या उल्काबाईंच्या नाकाला दूध तळाला धरल्याचं आधी कळलं. मग करपट वास आला. एरवी त्या दुसऱ्याच्या घरातही उठून गॅस बंद करायच्या. आज जागच्या हलल्या नाहीत. आज त्यांना समोर येईल तो चहा प्यायचा होता, आणि गोड मानून घ्यायचा होता.

सुंदराबाईंनी भानावर येऊन चहा गाळला. दोन कप टेबलावर ठेवले. उल्काबाईंनी कप उचलला आणि घोट घेतला. करपलेला, कडवट, दाट झालेला चहा. आल्याचा चोथा झाला होता. त्यांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं. आपण पितो आहोत, इथे बसून, यांच्या हातचा पितो आहोत, या विचारानं त्यांना एकदम हलकं वाटलं.

"वा!" त्या म्हणाल्या. "सुंदराबाई, काय चहा झालाय हो! असा चहा मी कित्येक वर्षांत प्यायले नव्हते."

सुंदराबाई समोर बसल्या. त्यांनी आपला कप तोंडाला लावला, आणि एका घोटानंतर खाली ठेवला.

"लागलाय की हो, ताई."

"छे छे. मला तर अगदी..."

"दूध लागलंय खाली. करपलाय सगळा." सुंदराबाईंचा आवाज चढला नव्हता. "मला कळतंय आणि तुम्हाला कळंना होय?"

उल्काबाईंनी कप दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"काल तिथं तुम्ही कुणाची भीड ठेवली नाहीत," सुंदराबाई म्हणाल्या. "सख्ख्या भाच्याची नाही ठेवली. वाईटाला तोंडावर वाईट म्हणालात. मला आवडलं ते, खरं सांगते. एवढं सगळं कळल्यावरसुद्धा आवडलं." त्यांनी आपला कप बाजूला सारला. "मग माझीच का ठेवताय?"

उल्काबाईंनी तोंड उघडलं. दोन गुण, असं म्हणता आलं असतं. करपलाय, दुसरा टाका, असं म्हणता आलं असतं. पेठेत कुणाच्याही स्वयंपाकघरात त्या तसं म्हणाल्याच असत्या, आणि समोरची बाई चिडून हसली असती. त्यांना ते म्हणता आलं नाही. या घरातल्या चहाला वाईट म्हणायचा आपल्याला आता हक्क उरला नाही, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली.

सुंदराबाई उठल्या. त्यांनी आपला कप उचलला, उल्काबाईंच्या हातातला अर्धा कप हळूच काढून घेतला आणि दोन्ही सिंकमध्ये ओतले. करपलेल्या पातेल्यात पाणी घालून ते भिजत ठेवलं.

आता त्या दुसरा चहा टाकतील म्हणून उल्काबाई बसून राहिल्या. सुंदराबाईंनी निवडलेली डाळ धुतली आणि गॅसवर कुकर चढवला.